लाखेवर पाणी

आमच्या घरात माणसं दोन होती तेव्हा छोटी टेबलं पाच होती. नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बसा हो, खुर्ची नसली तर टेबलावर बसा, त्याची कमी नाही आपल्याकडे." मी चिडायचे आणि लोक हसायचे. मी शाळेत चित्रकला शिकवते. पोरांना आधी कागदावरची मोकळी जागा बघा, मग झाड काढा, असं सांगण्यात माझी उमर गेली. भंडाऱ्यात स्वतःचं घर झालं तेव्हा ती मोकळी जागा मलाच खायला उठली. सोफा, दिवाण आणि टीव्हीने खोली भरते, पण लागत नाही, नजर कुठे ठरत नाही. खोली लागायची तर कोपऱ्यात एक छोटं टेबल हवं, असं माझं मत आहे, आणि माझी मतं मी सहसा बदलत नाही.

पहिलं टेबल ऑनलाइन मागवलं. फोटोत राजबिंडं होतं. एका पावसाळ्यात त्याचा भुसा फुगला आणि कडा पुरीसारख्या वर आल्या. तेव्हापासून मी लाकूड वाजवून घेते. दाराशी किल्ल्या ठेवायला एक अरुंद टेबल केलं, खिडकीखाली कुंडीसाठी एक बुटकं केलं, दिवाणाशेजारी एक केलं. प्रत्येकाचे नियम ठरलेले. उंची शेजारच्या आसनाच्या हातापेक्षा दोन बोटं कमी. वर वस्तू तीनच, एक उंच, एक बुटकी, एक आडवी. बाकी अर्धं टेबल रिकामं. त्या रिकाम्या अर्ध्यावर कोणी काही ठेवलं की माझं डोकं फिरायचं. वर्तमानपत्र, चष्मा, खारे दाणे, नवऱ्याच्या खिशातून निघणारं सगळं जग त्या अर्ध्यावर येऊन पडायचं आणि मी ते उचलत फिरायचे.

पाचवं टेबल त्याच्या खुर्चीसाठी होतं. पाटबंधारे खात्यातून तो निवृत्त झाला, आणि संध्याकाळी पाय लांब करून बसायला त्याने वेताची एक मोठी खुर्ची आणली. त्या खुर्चीशेजारी काही नव्हतं, त्यामुळे ती स्टेशनावर सोडून दिलेल्या सामानासारखी दिसायची. मी टेबलाचं चित्र काढलं, गोल, सागवानी, तीन बाकदार पाय. आमचा सुतार म्हातारा आहे आणि माझ्यासारखाच हट्टी. चित्र उलटसुलट पाहून म्हणाला, "मॅडम, चार पाय करू द्या. तीन तिगाडा, काम बिगाडा." मी म्हटलं, "चार पायाचं टेबल फरशीवर डुगडुगतं, तीन पायाचं कधीच नाही." हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्याने चित्र घडी करून खिशात घातलं. फेविकॉल आणि सनमायका मी घरात येऊ देत नाही. तेव्हा त्याने जुन्या पद्धतीने लाखेचं पॉलिश केलं, कापसाची पुरचुंडी फिरवत, थरावर थर. देताना एकच सांगितलं, "पाण्याले जपा. लाखेवर ओला गिलास ठेवला का पांढरा गोल पडते, मंग जात नाही."

टेबल आलं त्या दिवशी मी शाळेला सुट्टी टाकली. पितळेचा एक छोटा गुंड, पाण्याची घागर असते तसा, उंच म्हणून ठेवला, त्यात वाळलेलं गवत. पवनीच्या बाजारातून आणलेली मातीची दिवटी बुटकी म्हणून. आणि आडवं म्हणून एक पुस्तक, जे कोणी वाचत नव्हतं. नवऱ्याने चहाचा कप घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "अन् मी कोठी ठेवू?" मी त्याला खाली, फरशीवर दाखवलं. तो हसला. पुढचे वीसेक दिवस त्याने कप फरशीवरच ठेवला. विसरला की मी आठवण करून द्यायचे, आणि माझी आठवण करून देण्याची पद्धत काही गोड नाही.

हिवाळ्यातली संध्याकाळ होती. ऑफिसातल्या जुन्या मित्राकडे तो जेवून आला होता. छातीत जळजळतंय म्हणाला, पित्त झालंय, पाणी दे. मी स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं आणि वह्या तपासायला बसले. तो अर्धं पाणी प्याला आणि ग्लास टेबलावर ठेवायला त्याने हात नेला. मी वहीतून मान वर न करता म्हणाले, "गावचा ओटा नाही तो. खाली ठेवा गिलास." तो म्हणाला, "बरं मॅडम," आणि ग्लास खाली ठेवायला वाकला. तो वर आलाच नाही. ग्लास फरशीवर नीट उभा होता, पाणी सांडलं नव्हतं, आणि तो खुर्चीच्या हातावरून पुढे कलंडलेला होता. डॉक्टर आले तोवर काही उरलं नव्हतं. ते म्हणाले, वाकल्याने काही झालं नाही, ते होणारच होतं. मी त्यांना वाकल्याचं सांगितलं होतं. का वाकला ते सांगितलं नव्हतं. ते मी कोणालाच सांगितलं नाही.

सासर एकोडीकडचं. सगळी मंडळी सकाळी आली. अंत्यसंस्कार झाल्यावर, जिथे जीव गेला तिथे दिवा लावला. दिव्याशेजारी ताटात तांदळाचं पीठ चाळून सपाट केलं आणि वर बांबूची टोपली पालथी घातली. आमच्याकडे हे करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली उचलून पिठात काय उमटलं ते बघायचं. पाखराचं पाऊल दिसलं तर पाखराच्या जन्माला गेला, खूर दिसला तर गाईच्या. सासरे गेले तेव्हा बगळ्याचं पाऊल दिसलं होतं म्हणे. त्यानंतर गावच्या तलावावर बगळे उतरले की सासूबाई डोक्यावर पदर घ्यायच्या. मी मागे एकदा त्यावर हसले होते. एवढ्या बगळ्यांत आमचा कोणता, असं विचारलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "मले का करायचं, सगळ्यायलेच घेतो पदर."

दिव्याची आणि ताटाची जागा नेमकी खुर्ची आणि टेबल यांच्या मध्ये आली. पहाटे सगळ्यांच्या आधी मला जाग आली. बाया अजून पडवीत झोपल्या होत्या. मी दिव्यात तेल घालायला बसले आणि माझ्याही नकळत टोपली उचलली. पिठात एक गोल होता. स्वच्छ, पुरा, ग्लासाच्या बुडाएवढा. असं कसं झालं ते मी पुढे हजारदा मनात घोळवलं. नणंदेने दिवा आधी ताटात ठेवून मग बाजूला केला असेल. कोणी चिमटीने पीठ उचललं असेल. पण त्या क्षणी मला तो दिव्याचा वाटला नाही. तो काय होता हे त्या घरात फक्त मला कळणार होतं, आणि थोड्या वेळाने सगळे मला विचारणार होते, की हा गोल कशाचा गं?

डाग दिसला की पुसायचा, हे या हाताला जन्मभर ठाऊक. मी तळहाताने पीठ सारखं केलं, टोपली घातली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

उजाडल्यावर चुलत सासऱ्यांनी टोपली उचलली. सगळे वाकून पाहत होते. पीठ कोऱ्या कागदासारखं. ते म्हणाले, "काहीच नाही उमटलं. जीव गेला नाही अजून, घरातच अटकून आहे." बायांमध्ये कुजबुज झाली. मला वाटलं, सासूबाई आता हंबरडा फोडतील. त्यांनी उलट डोळे पुसले. वेताच्या खुर्चीकडे बघून, जेवायला ये म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या मंग. कोठी जाईल थो? घर त्याचंच आहे."

सासूबाई कधी आठ दिवसांच्या वर भंडाऱ्यात टिकल्या नव्हत्या. इथे तलाव नाही, शेताचा धुरा नाही, शेणाचा वास नाही, माणूस सुखाने खोकलत बी नाही, अशी त्यांची तक्रार असायची. या वेळी तेरावं झालं, महिना झाला, त्या गेल्या नाहीत. धानाच्या रोवणीला गेल्या नाहीत, पोळ्याला गेल्या नाहीत. सकाळी आंघोळ झाली की स्टीलच्या ग्लासात पाणी भरून त्या लाखेच्या टेबलावर ठेवायच्या आणि समोर दिवाणावर बसून मुलाशी बोलायच्या. धानाला करपा आला. अमक्याची म्हैस व्याली. तुझी बायको भाजीत मीठ कमी टाकते. शेवटचं जरा मोठ्याने.

हळूहळू त्यांनी माझं टेबल मोडीत काढलं. आधी गवत गेलं, मग दिवटी, मग पुस्तक. त्या जागी त्याचा चष्मा आला, अडकित्ता आला, मुरमुऱ्यांची वाटी आली, टीव्हीचा रिमोट आला. माझे सगळे नियम मोडले होते. एक दिवस मी उभी राहून चित्रकलेच्या बाईच्या नजरेने ते पाहिलं आणि कबूल करायला जड गेलं, पण ते बरोबर होतं. खुर्चीत बसणाऱ्याने हात लांबवला की सगळं हाताशी येत होतं. मी सजवलेलं टेबल दारातून आत येणाऱ्यासाठी होतं. हे त्याच्यासाठी होतं. एवढी साधी गोष्ट मला त्याच्या हयातीत सुचली नाही, याचा राग मी कोणावर काढणार होते?

ग्लासाखाली मी काही ठेवलं नाही. कोस्टर घरात डझनभर होते. रोज लाखेवर नवा पांढरा गोल पडायचा, कधी जुन्यावर, कधी त्याला कापून, आणि मी ते पडू द्यायचे. आल्या-गेल्याचं लक्ष जायचं. एका मैत्रिणीने पॉलिशवाल्याचा नंबर दिला, मी तो घेतला आणि फाडून टाकला.

पाण्याचंही एक होतं. संध्याकाळी मी शाळेतून यायचे तेव्हा ग्लासातलं पाणी दोन बोटं उतरलेलं असायचं. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात माठ आटतो तिथे ग्लासाचं काय. पण थंडीतही ते उतरायचं. सासूबाईच एखादा घोट घेत असतील, असं मी धरून चालले. त्यांना विचारलं मात्र नाही. विचारलं असतं आणि त्या "मी नाही प्याली" म्हणाल्या असत्या, तर मी कुठे गेले असते? दुपारी त्यांचा डोळा लागला की मी टेबलाशी यायचे, ग्लास उचलायचे, खालचा ओला गोल बघायचे आणि ग्लास परत तिथेच ठेवायचे. मग हळूच म्हणायचे, "ठेवा. वरच ठेवा." रोज. आपण शिकलेल्या बाई आहोत, पोरांना अंधश्रद्धेवर भाषण देतो, हे सगळं आठवायचं आणि तरीही म्हणायचे. एकदोनदा वेत करकरला. वेत ऊन-थंडीने करकरतो, हेही मला ठाऊक आहे.

अशी दोन वर्षं गेली. सासूबाई वाळत चालल्या होत्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला चला म्हटलं तर म्हणायच्या, "त्याले एकट्याले कसा सोडू?" फाटकाबाहेर पाऊल टाकेनात. मग वैशाखात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. ही त्यांची लाडकी नात, लहानपणी त्यांच्याच कुशीत झोपलेली. नणंद स्वतः अक्षता घेऊन आली. सासूबाईंनी अक्षता हातात घेतल्या, कपाळाला लावल्या आणि म्हणाल्या, "मी इथूनच टाकतो." नणंदेने समजावलं, भांडली, पाया पडली. निघताना फाटकात माझा हात धरून ती रडली. "वहिनी, माय अशीच बसून बसून मरून जाईल. तुम्हीच काही करा."

मला करता येण्यासारखं होतं, म्हणूनच मला त्या हाताची लाज वाटली. त्या बाईला मी बांधून ठेवलं होतं. माझ्या एका तळहाताने.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी कूलर लावून सासूबाई सुपात लाखोळीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"आई, त्या दिवशी पिठात उमटलं होतं."

त्यांचा हात थांबला. "का उमटलं होतं?"

"गोल. गिलासाच्या बुडाएवढा. तुम्ही उठायच्या आधी मी पाहिला अन् पुसून टाकला."

"काहून वं?"

दोन वर्षं मी या प्रश्नाचं उत्तर तयार करत होते. त्यातला एक शब्द कामाला आला नाही. "भेव वाटला मले," मी म्हटलं.

त्या रागावल्या नाहीत. सुपातली डाळ त्यांनी सारखी केली आणि बोटाने तिच्यात गोल काढला. "एवढा?"

"थोडा मोठा."

त्यांनी थोडा मोठा काढला. "पुरा होता, का कोठी तुटला होता?"

"पुरा होता."

त्यांनी त्या गोलाच्या कडेने पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मंग पाणी पिऊन गेला थो. तहानला नाही गेला." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता त्यांचं ओझं उतरेल, त्या रडतील, मोकळ्या होतील, असं मी धरून बसले होते. एवढ्यासाठीच मी हे धाडस केलं होतं. पण त्यांनी मान वळवून खुर्चीकडे पाहिलं, आणि त्या खुर्चीत कोणी नाही हे त्यांना पहिल्यांदा दिसलं. ते दिसताना मी त्यांना पाहिलं. ते पुन्हा कोणाच्या तोंडावर पाहायची वेळ माझ्यावर न येवो.

"मंग दोन सालं मी कोनाशी बोलून राहिली होती वं?" त्यांनी विचारलं.

 निदान उरलेलं तरी सांगून टाकावं, तो ग्लास, ते वाक्य, तो का वाकला ते, म्हणून मी तोंड उघडलं. "आई, अजून एक आहे..."

त्यांनी हाताचा पंजा वर केला. "बस. आता काही नको सांगू."

लग्नाला आम्ही दोघी गेलो. त्यांनी नातीला हळद लावली, मांडवात पहिल्या रांगेत बसल्या, जेवल्या. एकोडीच्या बाया त्यांना भेटायला आल्या तेव्हा चांगल्या बोलल्यासुद्धा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी परत निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "मी आता इकडेच राहीन पोरीजवळ. तू येत जाजो." माझ्या गालावरून त्यांनी हात फिरवला. त्यांच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. राग असता तर मला सोपं गेलं असतं. गेल्या महिन्यात त्यांचा मोतीबिंदू निघाला. आता दिसतं म्हणतात.

म्हाताऱ्या सुताराला बोलावून मी टेबल दाखवलं. त्याने डोक्याला हात लावला, माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. स्पिरिटचा बोळा फिरवत त्याने दोन दिवसांत सगळे गोल काढून दिले. मी पुन्हा एक उंच, एक बुटकी, एक आडवी वस्तू मांडली. रंग कधी नव्हता इतका खुलला आहे. परवा शाळेतल्या बाया आल्या होत्या. त्यांनी त्या कोपऱ्याचे फोटो काढले, आपल्या घरी असं कसं करायचं ते विचारलं, आणि मी त्यांना उंचीचा आणि रिकाम्या अर्ध्याचा नियम समजावून सांगितला.

त्या गेल्यावर मी ग्लासात पाणी घेतलं आणि दिवाणावर बसले. म्हटलं, आज सगळंच सांगू. आई घरी नाहीत, कोणी ऐकायला नाही, नीट सांगू, की मी असं म्हणाले, म्हणून तुम्ही वाकलात, माझं चुकलं. पहिला शब्दही फुटला नाही. दोन वर्षं मला वाटत होतं की आईंच्या खुळासाठी मी गप्प आहे. पण "वरच ठेवा" हे मीही कोणालातरी म्हणत होते, आणि ते ऐकणारा तिथे आहे, हे त्या म्हातारीपेक्षा मी कमी धरून नव्हते. आता बोलायला गेलं की वेताची खुर्ची दिसते, नुसती खुर्ची. माफी मागायला समोर कोणीतरी लागतं, आणि तो केव्हाच गेला हे मीच, माझ्या तोंडाने, सांगून बसले आहे.